मदत हवी आहे: परोपकारी स्वभाव मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची, मानसशास्त्राच्या एमएला आहे. प्रकल्पाचा विषय: परोपकार हा माणसाचा टिकाऊ स्वभाव असतो का?

रश्टन आणि सहकाऱ्यांची 1981 ची 20 विधानांची प्रश्नावली मराठीत करतेय. प्रत्येक विधानापुढे 'कधीच नाही' ते 'खूप वेळा' असे पाच पर्याय. पहिलंच विधान बर्फात अडकलेली अनोळखी माणसाची गाडी ढकलण्याचं! गोव्यात बर्फ फक्त मासळी बाजारात. त्याऐवजी 'फेरीबोटीच्या उतारावर अनोळखी माणसाची बंद पडलेली स्कूटर ढकलली' असं घातलं. चालेल का, की अर्थ बदलतो?

दुसरी अडचण घरातलीच. दरवर्षी रक्तदान करणाऱ्या काकांनी त्या विधानापुढे 'एकदा'वर खूण केली. म्हटलं, काका, हे काय? तर म्हणाले, "गो बाय, आपलीच फुशारकी कशी मारायची?" शेजारच्या एकांनी मात्र विसाच्या वीस ठिकाणी 'खूप वेळा'. त्यांच्याकडे शिडी मागून बघा एकदा.

त्यात मार्गदर्शकांनी डार्ली आणि बॅट्सन यांचा 1973 चा प्रयोग पुढे ठेवला. घाईत असलेल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम 10 टक्के वाटेत कण्हणाऱ्या माणसासाठी थांबले, घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के. मग स्वभाव मोजतेय की सवड?

तीच माणसं दोन महिन्यांनी पुन्हा भरून देतील, एवढीच माझी योजना आहे. ओळखीच्यांकडूनही त्यांच्याबद्दल भरून घ्यावं का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा. मराठी रूपांतर कुणाकडे असल्यास फारच बरं.