‘परवानाधारक’, ‘नोंदणीकृत’ की ‘सनदी’? आहारतज्ज्ञांच्या संदर्भातली एक अडचण

मांडवीकाठ
नमस्कार. अमेरिकेत आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या माझ्या भाचीने तिकडच्या राज्यांमध्ये या व्यवसायाचे नियमन कसे चालते यावर एक टिपण लिहिले आहे, आणि आमच्या महिला मंडळाच्या अंकासाठी मी ते मराठीत उतरवते आहे. त्यात ‘लायसन्स्ड’, ‘रजिस्टर्ड’ आणि ‘सर्टिफाइड’ हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. मी ‘परवानाधारक’, ‘नोंदणीकृत’ आणि ‘प्रमाणित’ असे लिहून मोकळी झाले होते. मसुदा वाचून मंडळातल्या एका बाईंनी विचारले, “परवानाधारक आहारतज्ज्ञ म्हणजे पंचायतीकडून दुकानाचा परवाना घेतलेला माणूस का?” हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही, कारण आमच्या घरी नेमके हेच घडले आहे.

माझ्या आईची मूत्रपिंडे अधू आहेत. मागच्या उन्हाळ्यात फार थकवा येतो म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून ती एका ‘पोषणतज्ज्ञा’कडे गेली. तिथे तिला रोज दोन आडसरांचे, म्हणजे शहाळ्यांचे, पाणी प्यायला आणि सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेऐवजी डब्यातली प्रथिनांची भुकटी घ्यायला सांगितले. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि अधू मूत्रपिंडांना ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही. आठ दिवसांनी नेहमीची रक्ततपासणी झाली तेव्हा पोटॅशियम इतके चढलेले निघाले की डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी दाखल करून घेतले. ती घरी आल्यावर मी विचारले, “तू विश्वास कशावर ठेवलास?” ती म्हणाली, “भिंतीवर चौकटीत परवाना लावलेला होता गे.” मी जाऊन तो पाहिला. चौदा आकडी क्रमांकाचा तो परवाना अन्नसुरक्षा कायद्याखालचा होता. डबे विकायला तो पुरेसा होता, पण रुग्णाने काय खावे हे सांगण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून दोन प्रश्न आहेत. या तीन शब्दांना मराठीत काय म्हणावे? आणि ‘स्टेट लायसन्स’मधला ‘स्टेट’ म्हणजे ‘राज्य’ की ‘शासन’?

जुना पेशकार
ताई, आईंची प्रकृती आता बरी असेल अशी आशा आहे. माझ्या मते तुम्हाला हवा असलेला शब्द मराठीत दीडदोनशे वर्षे तरी वापरात आहे, आणि तो म्हणजे ‘सनद’. वकिलाला परवाना नव्हे तर सनद मिळते, आणि ती काढून घेतली की त्याची वकिली थांबते. ‘सनद’ मूळ अरबी असून तिचा धात्वर्थ टेकणे, आधार असणे असा आहे, तर ‘परवाना’ फारसी असून तो मुळात हुकुमाचा कागद आहे. मराठीने या दोन शब्दांत एक सूक्ष्म भेद जपला, असे मला कचेरीत तीस वर्षे कागद हाताळताना सतत जाणवत आले आहे. परवाना दुकानाला, वाहनाला, बंदुकीला मिळतो, तर सनद माणसाच्या अंगच्या अधिकाराला मिळते. ‘सनदी लेखापाल’ हा शब्द रुळला आहेच, त्याच्या शेजारी ‘सनदी आहारतज्ज्ञ’ शोभून दिसेल.

सत्तरीकर
काका, तुमचे विवेचन पुण्यामुंबईकडे पटेल, पण हा अंक गोव्यात वाचला जाणार आहे. इथे ‘सनद’ म्हटले की बाजारातल्या दहापैकी नऊ माणसांना जमीन आठवते. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली शेतजमीन बिगरशेती वापरासाठी रूपांतरित करून घेतल्याचा कागद म्हणजे सनद. भूखंड विकत घेणारा पहिला प्रश्न “सनद झाली आहे का?” हाच विचारतो. ज्या बाईंना ‘परवाना’ वाचून पंचायत आठवली त्यांना ‘सनदी आहारतज्ज्ञ’ वाचून भाटातला, म्हणजे माडाबागायतीतला, आहारतज्ज्ञ आठवेल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

माझे वडील ‘लिसेंस’ म्हणत. तो शब्द त्यांनी पोर्तुगीज अमदानीत ‘लिसेंसा’वरून उचलला होता आणि मुक्ती मिळाल्यावर इंग्रजी ‘लायसन्स’ आले तेव्हा त्यांना वेगळे काही शिकावे लागले नाही. शब्द लोकांच्या तोंडी असताना मराठीपणाच्या हट्टापायी तो बदलू नये. ‘लायसन्सवाला आहारतज्ज्ञ’ कोणालाही कळेल.

अंत्रुजकर
कळेल हे मान्य, परंतु काय कळेल? ‘लायसन्स’ हा शब्दही दारूच्या दुकानाला, गाडीला आणि डब्यांच्या विक्रीला तितकाच लागू आहे, म्हणजे अडचण जिथल्या तिथेच राहते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द वर्षानुवर्षे वापरला आहे आणि ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ तिथल्या तरुण मुलांच्या परिचयाची आहे. संस्कृत शब्दाचा मोठा गुण असा की त्याला आधीची वासाची, चवीची आठवण चिकटलेली नसते आणि कायदा त्यात हवा तो अर्थ भरू शकतो. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा करताना मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवली. तो वापर आपण ‘लायसन्सवाला’ म्हणून करणार असलो तर त्या तरतुदीसाठी केलेल्या खटाटोपाचे मोल काय राहिले?

सत्तरीकर
भाऊ, तिकडची तरुण मुलेही अर्जावर ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ वाचतात आणि मित्राला “माझे लर्निंग आले” असे सांगतात. फॉर्मवर छापल्याने शब्द रुळत नाही.

वॉर्डातून
मी बरीच वर्षे रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मांडवीकाठ ताईंची खरी अडचण शब्दांच्या कुळाची नाही. इंग्रजीतला एकच शब्द दोन देशांत दोन वेगळी कामे करतो, आणि मराठीत उतरवताना तो फरक नाहीसा होतो.

अमेरिकेत ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ हा दर्जा व्यावसायिकांच्या संघटनेशी जोडलेला आयोग देतो. ठरावीक शिक्षण, देखरेखीखालचा अनुभव आणि परीक्षा हे त्याचे टप्पे आहेत, आणि १ जानेवारी २०२४ पासून त्या परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक केली गेली. हा दर्जा सरकार देत नाही. लायसन्स मात्र त्या त्या राज्याचे सरकार देते. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. डॉक्टर ‘रजिस्टर्ड’ असतो याचा अर्थ त्याचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असते आणि ते नसेल तर त्याला रुग्ण तपासण्याचा अधिकार नसतो. औषधांच्या दुकानातला नोंदणीकृत फार्मासिस्ट १९४८ च्या फार्मसी कायद्याने नोंदणीकृत ठरतो. म्हणजे जे काम अमेरिकेत ‘लायसन्स्ड’ हा शब्द करतो ते आपल्याकडे ‘नोंदणीकृत’ करतो, आणि त्यांच्या ‘रजिस्टर्ड’शी आपल्या ‘नोंदणीकृत’चे केवळ नामसाधर्म्य आहे. ताईंनी ‘लायसन्स्ड’साठी ‘नोंदणीकृत’ वापरावे आणि ‘रजिस्टर्ड’साठी ‘संस्था-प्रमाणित’ किंवा तत्सम काहीतरी, असे मी सुचवीन.

यात आणखी एक पेच आहे. आपल्या आहारशास्त्राच्या क्षेत्रात ‘रजिस्टर्ड’ शब्द आधीच अमेरिकेसारखा वापरला जातो. इंडियन डाएटेटिक असोसिएशन १९६३ मध्ये स्थापन झाली आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ म्हणवतात. मग २०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोषणविज्ञानातले व्यावसायिक आहेत, आणि त्यांत ‘डाएटिशियन’ व ‘न्यूट्रिशनिस्ट’ या दोघांचाही समावेश आहे. रुग्णालयातला, खानपान व्यवस्थेतला, सार्वजनिक आरोग्यातला आणि क्रीडाक्षेत्रातला असे उपप्रकारही त्यात दिलेले आहेत. केंद्रीय नोंदवही, राज्यांच्या परिषदा आणि राज्यांच्या नोंदवह्या अशी त्या कायद्याची रचना आहे. त्यामुळे ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ असे वाचले की “कोणत्या वहीत?” हे विचारावेच लागते.

अंत्रुजकर
तुमची माहिती मोलाची आहे, पण सुचवलेल्या उपायाला माझा ठाम विरोध आहे. अनुवादकाने मूळ लेखातला ‘लायसन्स्ड’ ‘नोंदणीकृत’ केला आणि मूळ ‘रजिस्टर्ड’ दुसराच काही केला, तर अमेरिकेतून आलेल्या भाचीच्या प्रमाणपत्रावर ‘रजिस्टर्ड’ वाचणाऱ्या मावशीने काय समजावे? अनुवादकाने शब्दाशी प्रामाणिक राहावे आणि खुलासा तळटीपेत द्यावा.

वॉर्डातून
तळटीप ताईंच्या आईंच्या पिढीने वाचली असती तर मी तुमचे म्हणणे मान्य केले असते. त्यांनी भिंतीवरचा एक ठळक शब्द वाचला आणि त्यावर जीव टाकला.

वैद्यकन्या
चर्चा वाचताना मला राहून राहून वाटते की आपण विशेषणावर भांडतो आहोत आणि विशेष्य तसेच सोडून दिले आहे. ‘डाएटिशियन’ आणि ‘न्यूट्रिशनिस्ट’ या दोघांनाही आपण कधी आहारतज्ज्ञ म्हणतो, कधी पोषणतज्ज्ञ. ब्रिटनमध्ये पहिली संज्ञा कायद्याने राखीव आहे आणि नोंदवहीत नाव नसताना ती लावणे गुन्हा आहे, तर दुसरी कोणीही लावू शकतो. हा भेद दाखवणारा शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘पथ्य’. ‘पथ्य’ हे पथापासून न ढळलेले, अशी व्युत्पत्ती पाणिनीपासून चालत आली आहे. आज आपण “मला पथ्य आहे” असे म्हणतो तेव्हा मनात सगळे वर्ज्य पदार्थच येतात. मूळ अर्थ मात्र हितकर असा आहे, आणि ‘पथ्यावर पडणे’ या वाक्प्रचारात तो शाबूत राहिला आहे. रुग्णाच्या आजाराप्रमाणे आहार ठरवणारा तो ‘पथ्यतज्ज्ञ’ आणि निरोगी माणसाला किंवा समाजाला मार्गदर्शन करणारा तो ‘पोषणतज्ज्ञ’ अशी विभागणी केली तर ताईंच्या आईंना दारावरच्या पाटीवरूनच निवड करता आली असती. माझे वडील वैद्य होते आणि त्यांच्या चिठ्ठीवर औषधाइतकीच जागा पथ्याला असे: नव्या तांदळाऐवजी जुना, कढीऐवजी पेजेची निवळ, आणि तवसे रात्री नको.

वॉर्डातून
शब्द सुंदर आहे, तरीही तो मला लावून घेता येणार नाही. मधुमेहाच्या रुग्णाला मी सांगते की तुमची पेज, तुमचे हुमण सगळे चालेल, फक्त प्रमाण आणि वेळ बदलू. तो घाबरलेला असतो तो ‘पथ्य’ या शब्दालाच. दारावर ‘पथ्यतज्ज्ञ’ लिहिले तर तो आत येणारच नाही.

जुना पेशकार
‘तज्ज्ञ’ या शब्दाविषयीही बोलायला हवे. पुष्कळ पाट्यांवर तो ‘तज्ञ’ असा लिहिलेला असतो. तो ‘तत्’ आणि ‘ज्ञ’ यांच्या संधीतून आला आहे, म्हणून त्यात ‘ज्’ अधिक हवाच. शिवाय ‘तज्ज्ञ’ म्हणजेच ‘ते जाणणारा’, तेव्हा ‘आहारज्ञ’ पुरेसे असताना ‘आहारतज्ज्ञ’ ही पुनरुक्ती होते.

सत्तरीकर
पुनरुक्तीने कोणाचे पोटॅशियम वाढले नाही, काका. ‘तज्ज्ञ’ हे गुणवर्णन आहे, पद नव्हे, हे अधिक गंभीर आहे. ‘वकील’ म्हटले की कायदा डोळ्यांसमोर येतो, ‘परिचारिका’ म्हटले की प्रशिक्षण येते. ‘तज्ज्ञ’ मात्र कोणीही कोणालाही म्हणू शकतो आणि त्याला हरकत कशी घ्यायची हा प्रश्नच आहे.

मांडवीकाठ
सर्वांचे आभार. आई आता बरी आहे आणि ही चर्चा मी तिला वाचून दाखवते आहे. माझा दुसरा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. ‘स्टेट’साठी मी ‘शासकीय’ लिहिले तर वाचकांना संपूर्ण अमेरिकेचा एकच नियम आहे असे वाटेल, आणि ‘राज्याचा’ लिहिले तर त्यामागची सरकारी सत्ता पुरेशी दिसणार नाही.

हा प्रश्न शब्दापुरता राहत नाही हे टिपणातल्या फ्लोरिडाच्या उदाहरणावरून दिसते. तिथे आहारविषयक सल्ला पैसे घेऊन देणाऱ्या एका महिलेला राज्याचे लायसन्स नसल्यामुळे दंड झाला. तिने न्यायालयात वाक्स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला, कारण तिचे म्हणणे असे होते की ती फक्त बोलत होती. २०२२ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला आणि हा कायदा व्यवसायातल्या वर्तनाचे नियमन करतो, बोलण्यावरचा परिणाम केवळ अनुषंगिक आहे, असे म्हटले. मी तिथे ‘सल्ला’ लिहिले तर मराठी वाचक त्या महिलेच्या बाजूने जाईल, कारण आपल्याकडे सल्ला शेजारीणही देते. ‘उपचार’ लिहिले तर तो न्यायालयाच्या बाजूने जाईल. एका शब्दाने वाचकाचा निवाडा आधीच करून टाकण्याचा अधिकार मला नाही.

वैद्यकन्या
‘आहारोपचार’ असे लिहून पाहा. सल्लाही त्यात येतो आणि जबाबदारीही येते.

मांडवीकाठ
तो घेऊन असे वाक्य केले आहे: “अमेरिकेतल्या ज्या आहारतज्ज्ञांना आहारोपचार करण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या सरकारकडून मिळालेला असतो त्यांना लायसन्स्ड म्हणतात. तो मिळाल्याशिवाय हे काम करता येत नाही.” आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग भिंतीवर काय बघायचे ते लिही.” म्हणून त्याखाली एक चौकट घातली आहे: कागद कोणी दिला, कशासाठी दिला आणि त्यावर माणसाचे नाव आहे की दुकानाचे, हे तीन प्रश्न.

वॉर्डातून
चौकट उत्तम आहे, ती मी आमच्या बाह्यरुग्ण विभागातही लावायला घेते. वाक्य मात्र सर्व राज्यांना लागू होत नाही. कॅलिफोर्नियात कायदा ‘डाएटिशियन’ या नावाचेच रक्षण करतो. तिथे ते नाव न लावता कोणी आहाराविषयी मार्गदर्शन केले तर तेवढ्याने तो कायदा मोडत नाही. तुमचे दुसरे वाक्य तिथे खोटे पडेल.

जुना पेशकार
मग अशा राज्यांसाठी ‘नामसंरक्षित’ असा शब्द करावा काय?

अंत्रुजकर
‘नाम’ वाचून मराठी वाचकाला व्याकरण आठवेल नाहीतर विठ्ठल. ‘उपाधिसंरक्षित’ म्हणावे.

सत्तरीकर
‘उपाधी’ला गावात काय म्हणतात ते ठाऊक आहे ना? मागे लागलेले लचांड.