थंड डोंगरावरची चिकण जंगलमाती आपल्या काळ्या मातीसारखी फाटत का नाही?

केळीवाला_यावल
राम राम मंडळी. आमची जमीन यावल तालुक्यात, काळी भारी, केळी आणि कपाशी घेतो. मध्यंतरी गावातले आम्ही काही जण सफरचंदाच्या बागा बघायला हिमाचलला गेलो होतो. नारकंड्याहून हाटूकडे चढताना रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे गाडी थांबली तर बाकीचे फोटो काढत होते आणि मी त्या कापलेल्या भिंतीजवळच उभा राहिलो कारण असली माती मी कधी बघितली नव्हती. सगळ्यात वर चार बोटं काळपट कुजका पाला, देवदाराच्या सुया वगैरे, त्याच्याखाली वीतभर फिकट राखाडी पिठूळ थर आणि त्याखाली एकदम तांबूस तपकिरी घट्ट माती. ती खालची माती पाणी लावून अंगठ्याने दाबत गेलो तर पट्टी चांगली लांब निघाली, म्हणजे चिकणमाती भरपूर आहे. पण भेग म्हणून एक नाही, आणि वरचा भाग तर चांगला कोरडा होता. आपल्याकडे मे महिन्यात पडीक रानात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. दोन्हीकडे चिकणच, मग ती फाटत का नाही? आणि वर राखाडी, खाली तांबडी हे कसं काय झालं, कोणी माती आणून टाकलेली तर नाही ना तिथे? जाणकारांनी जरा नीट सांगा.

सातपुडा_भटका
भाऊ, आपल्या तोरणमाळलाही वर तांबूस माती आहे की. उंचावर पाऊस जास्त, माती धुतली जाते, लोखंड मागे राहतं म्हणून लाल दिसते. तिथेही तसंच असेल.

माती_सर्वे_धुळे
केळीवाला भाऊ, निरीक्षण फार चांगलं आहे, लोक हाटूला जाऊन बर्फ आणि मंदिर बघून येतात. कोणी माती टाकलेली नाही. तो राखाडी थर आणि खालचा तांबूस थर एकाच मातीचे आहेत, वरची चिकण पाण्याबरोबर खाली गेली आणि तिथे साचली.

होतं असं. वर सुयांचा पाला कुजतो, त्यातून किंचित आंबट पाणी झिरपतं, बर्फ वितळलं की त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. असल्या पाण्यात चिकणमातीचे कण (०.००२ मिमीपेक्षा बारीक) एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होऊन तरंगतात आणि मातीतल्या बारीक पोकळ्यांतून, जुन्या मुळांच्या भोकांतून खाली उतरतात. खाली माती कोरडी असली की ती पाणी शोषून घेते आणि कण तिथेच भिंतीला चिकटतात, किंवा खाली चुना जास्त असला तर तिथे गोळा होऊन थांबतात. वरच्या वाळू-पोयट्याच्या कणांवरचं लोखंडाचं आणि चिकणीचं आवरण निघून गेलं म्हणून तो थर फिका. उन्हाळ्याच्या शेवटी ही माती थोडी वाळायला लागते आणि पुढच्या वर्षी परत बर्फाचं पाणी, हे ओलं-कोरडं चक्र लागतंच, कायम ओल्या जमिनीत हे नीट होत नाही.

आता आपल्या काळ्या मातीत हे का होत नाही ते बघा. एक तर आपल्याकडे चुनखडी, जमीन खणली की पांढरे खडे लागतात. चुना आहे तोवर कॅल्शियम चिकणीचे कण घट्ट धरून ठेवतो, ते सुटतच नाहीत. डोंगरावर आधी चुना धुतला जातो आणि मग चिकण हलायला लागते. चोपण जमिनीत डबक्यातलं पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं ना, तिथे सोडियममुळे कण सुटे झालेले असतात, म्हणजे कण सुटणं काय असतं ते तुम्ही घरच्या शेतात बघितलेलं आहे. आणि दुसरं, आपली माती स्वतःलाच उलटीपालटी करते. भेगा पडतात, वरची माती आत पडते, पावसात फुगून सगळं दाबलं जातं. वर-खाली थर वेगळे व्हायला उसंतच नाही.

फाटण्याचं म्हणाल तर किती चिकण त्याच्यापेक्षा कसली चिकण ते जास्त महत्त्वाचं. आपला दख्खनचा काळा खडक, बेसाल्ट, कमी उतारावर कुजला की स्मेक्टाइट जातीची चिकण तयार होते, तिच्या पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि ती फुगते, वाळली की आक्रसते. हिमालयात त्या पट्ट्यात स्लेट, शिस्ट, फिलाइट असले अभ्रकवाले खडक, त्यातून येणारी चिकण बरीचशी इलाइट आणि क्लोराइट, हिचे पापुद्रे पोटॅशियमने वगैरे घट्ट बांधलेले असतात, फुगवटा फारच कमी. त्यात वरून सावली, पाल्याचं पांघरूण आणि गारवा, त्यामुळे खोलवर माती पूर्ण वाळण्याची वेळ क्वचितच येते.

सातपुडा दादा, रंगावरून जाऊ नका. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर, तिथे हिवाळ्यात थंडी असली तरी जमीन उष्णच. खाली खानदेशात तर जमिनीचं वर्षाचं सरासरी तापमान २२ अंशांच्या बरंच वर. थंड डोंगरी माती म्हणतात तेव्हा ५० सेंमी खोलीवर वर्षाची सरासरी ० ते ८ अंश आणि उन्हाळ्यातही गार, एवढी थंडी धरतात. अमेरिकेच्या वर्गीकरणात असल्या थंड, चिकण साचलेल्या जंगलमातीला क्रायाल्फ म्हणतात, रॉकी पर्वतात स्प्रूस आणि फरच्या जंगलाखाली ती पुष्कळ आहे. नारकंडा २७०० मीटरच्या आसपास आणि हाटू ३४०० च्या आसपास, त्यामुळे तुम्ही बघितलेली माती तेवढी थंड आहे का हे जमिनीत थर्मामीटर लावल्याशिवाय कोणी सांगू नये, पण घडण त्याच जातीची दिसते.

बीएस्सी_अ‍ॅग्री_शहादा
सर, एक शंका. आम्हाला शिकवलं की चिकण साचलेल्या थरातलं ढेकूळ फोडलं की त्यावर चमकदार पापुद्रा दिसतो. पण आमच्या शेतात दीड-दोन फूट खाली खणलं तर काळ्या मातीच्या ढेकळावर पण चकचकीत बाजू दिसतात!! मग ओळखायचं कसं? परीक्षेत फोटो देतात आणि मी दर वेळी गोंधळते.

माती_सर्वे_धुळे
फार चांगला प्रश्न ताई, हे पुष्कळांना कळत नाही. काळ्या मातीतली चमक ही घासून आलेली असते. माती फुगते, दोन मोठे तुकडे एकमेकांवर सरकतात आणि तिरप्या मोठ्या पृष्ठभागांवर घासल्याच्या समांतर रेघा उठतात. भिंगातून बघा, बोट फिरवून बघा, रेघ लागते. आणि ढेकूळ आतून फोडलं तरी रंग तोच.

साचलेल्या चिकणीची चमक म्हणजे वरून लागलेला लेप. तो ढेकळाच्या बाजूंवर तर असतोच पण बारीक छिद्रांच्या आत, मुळाच्या जुन्या भोकाच्या भिंतीवरही असतो, जिथे घासायला काही नाही. सुईने खरवडला तर कड दिसते, आणि बऱ्याचदा लेपाचा रंग आतल्यापेक्षा गडद किंवा लालसर. छिद्राच्या आत लेप दिसला की बिनधास्त लिहा. प्रयोगशाळेत मात्र आकडा लागतो, वरच्या थरात चिकण १५ ते ४० टक्के असेल तर खालच्यात किमान १.२ पट पाहिजे. म्हणजे वर २० तर खाली २४. शिवाय बेस सॅच्युरेशन म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्या पोषक द्रव्यांनी भरलेल्या जागा किमान ३५ टक्के, त्याच्या खाली गेलं तर माती दुसऱ्या गटात जाते.

घाटरस्ता_साइट
मी रस्त्याच्या कामांवर असतो, हिमाचलात आणि उत्तराखंडात पावसाळे काढलेत. माझा अनुभव असा की असल्या उतारावर वरचा पिठूळ थर पाणी झटकन आत घेतो आणि खालच्या चिकण थरावर ते अडतं. कापलेल्या भिंतीत नेमकं त्या दोघांच्या मधून पाणी पाझरत असतं, हिवाळ्यात तिथेच बर्फाची सुळं लटकतात. झाडं असतात तोवर मुळं धरून ठेवतात आणि झाडं पाणीही पितात. वरची झाडं काढली आणि खालून पाय कापला की वरचा थर त्या चिकणीवरून खाली घसरतो, पाऊस लागून राहिला तर विचारायलाच नको. केळीवाला भाऊ, तिथे उताराची झाडं बुंध्याशी वाकलेली दिसली का? आधी खाली झुकून मग सरळ वर?

केळीवाला_यावल
हो हो दिसली, बरीच. मला वाटलं लहानपणी गुरांनी तुडवली असतील. आणि एक पडलेलं झाड होतं, त्याची मुळं ताटासारखी पसरट उचकटलेली, खोल गेलेली एकही नाही.

घाटरस्ता_साइट
बर्फ उतारावरून हळूहळू सरकतो आणि लहान झाडाला दाबतो, मातीचा वरचा थरही वर्षानुवर्षं जरा जरा खाली येतो, झाड मात्र सरळ व्हायला बघतं, त्याने ती बाक येते. मुळं पसरट कारण वरच्या थरात हवा आणि अन्न, खाली घट्ट आणि ओलं-गार. म्हणूनच वादळात अशी झाडं आडवी होतात.

माती_सर्वे_धुळे
साइटवाल्या भाऊंनी फार मोलाचं सांगितलं. त्यात एवढं जोडतो, चिकण अशी खाली साचायला शंभर-दोनशे वर्षं पुरत नाहीत, हजारो वर्षं लागतात, आणि थंडीत खडक कुजणं मंद त्यामुळे नवी चिकणही सावकाश तयार होते, बरीचशी मूळ खडकातूनच किंवा वाऱ्याने आलेल्या धुळीतून आलेली असते. म्हणजे ज्या उतारावर हे राखाडी-तांबूस थर नीट उभे आहेत तो उतार तेवढा काळ जंगलाखाली स्थिर उभा आहे. सारखा खचणारा उतार असता तर ही घडी बसलीच नसती. मला ह्या गोष्टीचं फार वाटतं, कारण रस्ता कापताना मशीनला दोन दिवस लागतात. आणि ओल्या असताना ह्या मातीवर जड ट्रॅक्टर किंवा लाकूड ओढायची मशीन फिरवली की ती दाबली जाते, आणि थंड जंगलात ती परत मोकळी व्हायला फार वर्षं लागतात. आपली काळी निदान उन्हाळ्यात भेगाळून स्वतःला थोडी मोकळी करते, तिला तीही सोय नाही. आपल्याकडे वाफसा बघितल्याशिवाय आपण वखर घालत नाही, तीच काळजी तिथे दुप्पट घ्यायला हवी.

केळीवाला_यावल
सर, शेवटचं विचारतो. आमच्या गटातला एक जण तिथल्या ओळखीच्या बागवानाबरोबर भागीदारीत सफरचंद लावायचं म्हणतोय, जंगल नाही, जुन्या बागेचीच जमीन आहे पण माती अशीच वर हलकी खाली घट्ट. चालेल का?

माती_सर्वे_धुळे
चालू शकतं, पण आधी खड्डा घेऊन बघा. मीटरभर खोल खड्डा, त्यात चिकण थर किती खाली सुरू होतो ते मोजा, आणि खड्डा पाण्याने भरून दुसऱ्या दिवशी जाऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर सफरचंदाला धोका, बुंध्याची साल कुजण्याचा रोग ओल्या जड जमिनीतच जास्त येतो. थरात करडे-तांबडे ठिपके दिसले तर पाणी उन्हाळ्यात नसलं तरी वर्षातला काही काळ तिथे साचतं असं समजा. तशा ठिकाणी उताराला आडवा चर काढून पाणी बाजूला न्यायचं, झाड जरा उंचवट्यावर लावायचं आणि कलमाचा जोड मातीत जाऊ द्यायचा नाही. पालापाचोळा अजिबात जाळू नका, असल्या जमिनीचं बरंचसं अन्न त्या वरच्या चार बोटांतच असतं. आणि नमुना द्याल तेव्हा वरचा थर आणि खालचा थर वेगवेगळ्या पिशव्यांत द्या, दोन्ही मिसळून दिलात तर रिपोर्टवरून काहीच कळणार नाही.

बीएस्सी_अ‍ॅग्री_शहादा
भाऊ खड्डा घेतला की छिद्रांचे जवळून फोटो इथे टाका प्लीज, भिंगातून निघाले तर अजून चांगलं. आमच्या वर्गात सगळ्यांना दाखवते.