छाती न फाडता झडप : ओपन हार्ट खरंच इतिहासजमा?

अरुणोदय (धागाकर्ता)
परवा दुसऱ्या धाग्यावर 'हृदयस्थ' यांनी लिहिलं : "महाधमनीची झडप आवळली म्हणून आजच्या काळात छाती फाडून घेणं म्हणजे घरात मिक्सर असताना पाट्यावर वाटण. टावी करा, म्हणजे जांघेतून नळी घालून नवी झडप बसवा, तिसऱ्या दिवशी घरी. रॉक गायक मिक जॅगरने २०१९ मध्ये, पंचाहत्तरीत करून घेतली आणि अडीच महिन्यांत स्टेजवर नाचला. ओपन हार्ट सुचवणारा सर्जन स्वतःचं दुकान सांभाळतोय."

तिथे उत्तर टंकायला बसलो, ते लांबलं, म्हणून हा धागा.

आमचे दादा ६६ वर्षांचे. जिना चढताना दम लागायचा, ईको केला तर 'सिव्हियर ए. एस.', म्हणजे महाधमनीची झडप फारच आवळलेली. घरातल्या तिघांनी मला असलाच मजकूर ढकलला आणि मी पंधरा दिवस सर्जनला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग त्याने फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशोब मांडला. प्राण्याच्या हृदयाच्या आवरणापासून केलेली झडप साधारण दहा-पंधरा वर्षं चालते. म्हणजे ऐंशीच्या आसपास दुसरी लागणार. छाती उघडायचीच असेल तर ६६ व्या वर्षी की ८० व्या? आत्ता उघडून नीट मापाची बसवली तर पुढची तिच्या आत जांघेतून सरकवता येईल. उलट क्रमाने जायचं तर पहिली टावीची झडप उकरून काढणं सोपं काम नाही.

शिवाय दादांची झडप जन्मापासून दोनच पाकळ्यांची. ज्या मोठ्या चाचण्यांच्या जोरावर कमी जोखमीच्या पेशंटना टावी खुली झाली, त्यांत असे पेशंट घेतलेच नव्हते. हे कुठल्या फॉरवर्डात असतं का?

दादा दीड महिना उताणे झोपले, खोकताना उशी छातीशी आवळून धरायचे, पिशवी उचलायची बंदी. हाल झाले, नाकारत नाही. पण आज शेतावर जातात. पाट्यावरचं वाटण, हृदयस्थसाहेब.

निम्मी_ठाणे
अभिनंदन. पण तुमच्या त्या कोऱ्या पानावर माझ्या सासूबाई कुठे बसतात तेवढं सांगा. वय ८३, एक किडनी अर्धी, वजन ४१ किलो. दोन सर्जननी फाइल मिटून परत दिली. "आता जपा" म्हणाले. जपा म्हणजे काय, देव्हाऱ्यात ठेवू? दोनदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. टावी केली, चौथ्या दिवशी स्वतः चहा टाकला आणि माझा चहा पांचट असतो हेही सांगितलं. तुम्हा लोकांना हाल सोसले की ट्रीटमेंट झाल्यासारखी वाटते.

अरुणोदय
ताई, ८३ ला टावी नको असं कुठे म्हटलंय? वाचा तरी.

निम्मी_ठाणे
शीर्षक वाचलं. तेवढंच सगळे वाचतात, आणि मग कुणाचा तरी मुलगा आईला म्हणतो, "नेटवर वाचलं, टावी काही खरी नाही."

भूलभुलैया
भूलतज्ज्ञ आहे, दोन्हीकडच्या टेबलांशी उभा राहतो, म्हणून थोडं.

हा प्रकार सुरू झाला तोच मुळी निम्मीताईंच्या सासूबाईंसारख्यांसाठी. २००२ मध्ये फ्रान्समध्ये रुआँला हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी पहिली बसवली, ती सर्जननी नाकारलेल्या ५७ वर्षांच्या माणसाला. तो चार महिन्यांनी दुसऱ्या कारणाने गेला, झडप चालत होती. २०१० च्या चाचणीत ऑपरेशन अशक्य असलेल्यांपैकी वर्षभरात नेहमीच्या उपचारांवर निम्मे गेले, टावीवर तीस टक्क्यांच्या आसपास. इथे वाद नाहीच. वाद मधल्या वयाचा आहे. अमेरिकन शिफारस (२०२०) : ६५ च्या खाली ऑपरेशन, ८० च्या वर टावी, मधे बसून ठरवा. युरोपने २०२१ मध्ये ७५ ची रेघ ओढली, २०२५ मध्ये ती ७० वर आणली. रेघ खाली सरकतेय, हे अरुणोदय यांनी मान्य करावं.

आणि हृदयस्थ, "तिसऱ्या दिवशी घरी" खरं, पण नवी झडप बसते तिथे शेजारूनच हृदयाची वायरिंग जाते. ती दबली की पेसमेकर. जुनी पाकळी काढत नाहीत, भिंतीकडे दाबतात, तिथला साचलेला चुना (कॅल्शियम) ओबडधोबड असला की कडेने गळती. फुगा फुगवताना काही सेकंद हृदय मिनिटाला १८० च्या वर पळवून बीपी मुद्दाम पाडतात, नाहीतर रक्ताच्या धक्क्याने झडप जागेवरून सरकेल. ते सेकंद मला विचारा.

हृदयस्थ
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. आता 'टर्मिनेटर'वाल्या श्वार्झनेगरला आणा मधे. २०१८ मध्ये छाती न उघडता झडप बदलायला गेला आणि शेवटी उघडावीच लागली.

भूलभुलैया
ती फुप्फुसाकडची झडप होती. महाधमनीची नव्हे.

हृदयस्थ
टर्मिनेटरलाही सूट नाही का!

वऱ्हाडी_ठेचा
तुमचं चालू द्या जांघेतून की छातीतून. आमच्याकडे बाबांना टावीचा अंदाज सांगितला अठरा लाख. ओपनचा साडेतीन. मेडिक्लेम पाच लाखाचा. आता सांगा बाप्पा, कोणती शिफारस लागू होते, अमेरिकेची की युरोपची? २०१७ ला सरकारनं स्टेंटच्या किमतीवर टोपी घातली, म्हणजे कमाल किंमत ठरवली, तेव्हा औषधवाला स्टेंट २९,६०० वर आला. या झडपेवर कोण घालते टोपी? वापीत बनते म्हणतात एक, तरी आमच्या वावराच्या किमतीत पडते.

खडूस_पेन्शनर
सगळे झडपेच्या किमतीवर बोलताय. झडप आवळली हे कळायला लागतो दोनशे रुपयांचा स्टेथो. तो गळ्यात शोभेला असतो. फॅमिली डॉक्टर मेला, त्याचं हे फळ. पूर्वी डॉक्टर उघड्या छातीवर, मानेवर, पाठीवर नळी लावून ऐकायचे. आता सदऱ्यावरून दोन ठोके आणि "वयोमानानुसार".

भूलभुलैया
काका, रोज ऐंशी पेशंट बघणाऱ्याला प्रत्येकाची मान ऐकायला वेळ कुठून आणायचा? आणि ऐकूनही फसतं. झडप फारच आवळली आणि हृदय थकलं की आवाज उलट हळू होतो. डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे.

खडूस_पेन्शनर
वेळ नाही तर फी का पूर्ण घेता? तुमच्याकडे पेशंट झोपलेलाच येतो, तुम्हाला काय बोलतो ते ऐकायचं बंधनच नाही.

भूलभुलैया
हे अती झालं. रात्री अडीचला कोण उठून जातं विचारा एकदा.

निम्मी_ठाणे
पण काकांचं चूक नाही हो. सासूबाईंना वर्षभर गॅसच्या गोळ्या. शेवटी सापडलं कुठे, तर गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या फिटनेसमध्ये!

वऱ्हाडी_ठेचा
बाबांचंही तसंच. मोतीबिंदूच्या वेळी.

अरुणोदय
धागा झडपेवर आहे, फॅमिली डॉक्टरवर वेगळा काढा ना. आणि अवांतर सांगायचं तर पूर्वीचे डॉक्टरही काही देव नव्हते. आमच्या आजीचा दम त्यांनी 'दमा' म्हणूनच...

खडूस_पेन्शनर
वेगळा काढत नाही. आमच्या हिलाही गुडघ्याच्या वेळीच सापडलं. दोन वर्षं ती म्हणत होती, मंदिराच्या पायऱ्यांवर छातीत आवळतं. मीच म्हणायचो, वजन कमी कर. ईको झाला, पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. तारखेच्या नऊ दिवस आधी बेसिनपाशी पडली. ओपन की टावी, हे आम्हाला ठरवायलाच मिळालं नाही. चालू द्या तुमचं.

भूलभुलैया
काका, मघाचं मागे घेतो. त्रास सुरू झाल्यावर ही झडप फार वेळ देत नाही. उपचार न झालेल्यांतले जवळपास निम्मे दोन वर्षांत जातात. पायऱ्यांवरचं आवळणं ऐकायला स्टेथोही लागत नाही, एवढं तुमचं मान्य.

खडूस_पेन्शनर
"एवढं" मान्य. आभारी आहे.

हृदयस्थ
बरं, दुकानदारी शब्द मागे. पाट्याचाही. ६६ ला दोन पाकळ्या असतील तर छाती फाडा. मिक्सर मात्र माझाच बरोबर, ७५ नंतर.

अरुणोदय
७५ नंतर मीही मिक्सरच म्हणतो. किती वेळा सांगू?

वऱ्हाडी_ठेचा
बाबा ७१ आहेत. न पाट्यात न मिक्सरमध्ये. डॉक्टरसाहेब, सीटी स्कॅन काढायला सांगितलं आहे जांघेपासून वरपर्यंत, ते कायले?

भूलभुलैया
नळी वर न्यायला मांडीची रक्तवाहिनी पुरेशी रुंद आहे का, झडपेचं माप काय आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं किती उंचीवर आहेत ते बघायला. काढा. आणि बरगड्यांमधून छोट्या छेदातून ऑपरेशन करणारा कुणी जवळ आहे का तेही विचारा, ते इथे कुणीच बोललं नाही. बाबांना चक्कर येते का?

वऱ्हाडी_ठेचा
नाही म्हणतात. पण ते कशालाच हो म्हणत नाहीत.

खडूस_पेन्शनर
आईला विचार.

वऱ्हाडी_ठेचा
विचारलं. दोनदा आली. गोठ्यात.

भूलभुलैया
तारीख पुढची घेऊ नका. उद्याच फोन करा.