सोसायटीच्या सांडपाण्यातून अडवलेल्या सूक्ष्मप्लास्टिकचे पुढे काय करावे?

नमस्कार. बाणेरमधील आमच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आहे. शुद्ध केलेले पाणी फ्लशला आणि बागेला जाते, तर फिल्टर प्रेसमधून (गाळातील पाणी दाबून काढणाऱ्या यंत्रातून) निघणारा गाळ वाळवून माळी तो झाडांना खत म्हणून घालतात. पॉलिस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिकचे कपडे धुताना सुटणारे प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू या पाण्यातून काढावेत, असा विषय सध्या समितीपुढे आहे.

मला अडचण दिसते ती काढण्यात नव्हे, त्यानंतरच्या टप्प्यात. एसटीपीतील जिवाणू हे तंतू पचवत नाहीत. बहुतेक तंतू गाळाबरोबर खाली बसतात. सँड फिल्टरने (वाळूच्या गाळणीने) आणखी काही अडवले, तरी ती उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारे बॅकवॉशचे पाणी आमच्याकडे पुन्हा पहिल्याच टाकीत सोडले जाते, त्यामुळे ते तंतूही फिरून अखेर गाळातच येतात. म्हणजे पाणी जितके स्वच्छ होईल तितके प्लास्टिक बागेच्या मातीत जास्त जाणार.

एका सभासदांनी तेल आणि लोहचुंबकी भुकटी वापरून कण ओढून घेण्याची पद्धत सुचवली. प्रयोगशाळेत ती चालते, परंतु आमच्या हाती शेवटी तेलकट प्लास्टिक उरेल आणि त्याची विल्हेवाट आणखी अवघड होईल, म्हणून मी तिला विरोध केला. कण एकत्र होऊन खाली बसावेत म्हणून तुरटीची मात्रा वाढवल्यास गाळच वाढतो.

मला पटतो तो मार्ग म्हणजे प्रत्येक वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला बारीक जाळीची गाळणी बसवणे. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या यंत्रांना अशा गाळणीची अट घातली. मात्र गाळणी बेसिनमध्ये धुतली की सगळे पुन्हा गटारातच जाते, हे घरोघरी पटवून द्यावे लागेल. शिवाय गाळणीत साचणाऱ्या लगद्यात प्लास्टिकच्या तंतूंबरोबर सुती धागे, केस आणि साबणाचा थर मिसळलेला असल्यामुळे तो ओल्या कचऱ्यात घालून खत करता येत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. उघड्यावर जाळणे तर मुळीच नको. सुक्या कचऱ्यात मोकळा टाकला, तर वर्गीकरण करणाऱ्या 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या) ताईंच्या नाकातोंडात तो उडेल, अशी मला भीती वाटते.

सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानाला क्लिंकर (ज्याचे खडे दळून सिमेंट करतात तो) तयार होतो आणि पुनर्वापर न होणारे प्लास्टिक तेथे इंधन म्हणून जाळले जाते, हे मला ठाऊक आहे. पुणे परिसरात एखाद्या सोसायटीने वाळवलेला गाळ किंवा असा लगदा त्या मार्गाने पाठवला आहे का? कमीत कमी किती वजन लागते, ओलाव्याची काय अट असते आणि वाहतुकीचा खर्च कोणी उचलला? ती सोय होईपर्यंत लगदा वाळवून बंद पिशवीत साठवणे योग्य ठरेल का, आणि बागेत गाळ घालणे आत्ताच थांबवावे का, यावर एसटीपी चालवण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.