महाविद्यालये २० ऑक्टोबरला उघडतील, पण विद्यार्थ्यांच्या तयारीचे काय?

शेवंताबन (धागाकर्ता) – १६ ऑक्टोबर २०२१

येत्या २० तारखेपासून करोनाच्या साथीमुळे बंद असलेली राज्यातील महाविद्यालये प्रत्यक्ष वर्गांसाठी उघडण्यास परवानगी मिळाली आहे. लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या, अठरा वर्षांवरील विद्यार्थ्यांनाच आत घ्यावे, ही त्यातली मुख्य अट. मी एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे आठवडाभर तयारी म्हणून जे काही चालले आहे, ते सगळे फाटकापाशी संपते. तापमान मोजायची बंदूक आली, हात धुण्यासाठी नवे नळ बसले, व्हरांड्यात पिवळी वर्तुळे आखून झाली. मुले आत आल्यावर पुढे काय करायचे, यावर मात्र एकही बैठक झालेली नाही.

२०२० साली प्रवेश घेतलेला विद्यार्थी आज द्वितीय वर्षात आहे. मधे फेब्रुवारीत निम्म्या उपस्थितीने वर्ग उघडले होते, पण दुसऱ्या लाटेपुढे ते टिकले नाहीत. त्यामुळे या मुलांनी ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायची तोटीची काचनळी, फक्त पडद्यावर पाहिली आहे आणि परीक्षा दिली ती चारांपैकी एका पर्यायावर बोट ठेवून. परवा कागदपत्रे द्यायला आलेल्या एका मुलाला मी साधा अर्ज लिहायला सांगितला. चार ओळी लिहून त्याने पेन खाली ठेवले आणि मनगट चोळत बसला.

आणखी एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आलेली दिसत नाही. द्रावण मोजून घ्यायची काचनळी, म्हणजे पिपेट, आमच्याकडे आजही तोंडानेच ओढली जाते. मुखपट्टी खाली करायची, पिपेट ओठांत धरायची, मग तीच पिपेट शेजारच्याला द्यायची, ही पद्धत साथ नसतानाही वाईटच होती. रबरी फुगे मागवा, म्हणून मी लेखी कळवले, तर ‘पुढच्या खरेदीत पाहू’ असे उत्तर मिळाले; जंतुनाशकाचे कॅन मात्र त्याच दिवशी टेम्पोने आले.

माझे म्हणणे असे, की पहिले पंधरा दिवस अभ्यासक्रम पुढे रेटूच नये. हाताने लिहिणे, प्रयोगशाळेत वावरणे, कोणाचे कुठे अडले आहे आणि कोणाच्या घरी काय घडून गेले आहे हे समजून घेणे, एवढेच करावे.

नदीपलीकडे – १६ ऑक्टोबर

पिपेटचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण पंधरा दिवसांची कल्पना अजिबात पटली नाही. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दीड वर्ष घरात बसून त्याने जे गमावले ते यंत्रशाळेतले काम आहे, आणि ते गप्पागोष्टींनी नव्हे, तर यंत्राशेजारी उभे राहूनच भरून निघणार आहे. शुल्क आम्ही पूर्ण भरले आहे. शिवाय ही मुले बालवाडीतली नाहीत. एप्रिलमध्ये आम्ही दोघेही आजारी असताना याच मुलाने ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्रभर फोन केले, औषधे आणली, आजीला सांभाळले. त्याला ‘वावरायला’ शिकवण्याची भाषा मला थोडी अपमानास्पद वाटते. तिसरी लाट आली तर दारे पुन्हा बंद होतील, तेव्हा उघडी आहेत तोवर एकही प्रात्यक्षिक वाया जाता कामा नये.

शेवंताबन – १७ ऑक्टोबर

अपमानाचा हेतू नव्हता, आणि तुमच्या मुलाबद्दल आदरच वाटला. पण त्या एप्रिलनंतर तो सरळ वर्गात येऊन बसणार आणि कोणी त्याला काही विचारणारच नाही, हे तुम्हाला चालेल का? माझ्या यादीतल्या काही मुलांचे फोन आता लागतच नाहीत. एकाने गवंड्याच्या हाताखाली काम धरले आहे, आणि दोन मुलींची लग्ने झाल्याचे त्यांच्या मैत्रिणींकडून कळले. पहिल्याच दिवशी तिसरे प्रकरण उघडले, तर यांतले कोणी परत येणार नाही.

उघडी खिडकी – १७ ऑक्टोबर

मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, म्हणून फक्त आरोग्यापुरते लिहितो. लशीने आजाराची तीव्रता खूप कमी होते, परंतु लस घेतलेल्याला लागण होतच नाही किंवा त्याच्यापासून ती पसरतच नाही, असे नाही. गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या खोलीत हा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही यंदा स्पष्ट केले आहे. तरीही आपला सगळा खर्च बाके पुसण्यावर. परवा एका महाविद्यालयात गेलो, तर वर्गाच्या खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या; शिपायाने पटाशी आणून त्यातली एक कशीबशी उघडली. विद्यार्थ्यांना शिकवायचेच असेल, तर ताप किंवा घसादुखी असताना घरी थांबायला शिकवावे. आणि हजेरीची भीती कायम ठेवून ते साधणार नाही, हे प्राचार्यांनीही समजून घ्यावे.

दुसरावर्ष – १८ ऑक्टोबर

ज्यांच्याबद्दल ही चर्चा चालली आहे, त्यांच्यापैकी मी एक. बी.एस्सी.च्या द्वितीय वर्षाला आहे. अठरा वर्षांवरील सर्वांना १ मेपासून लस, असे जाहीर झाले, पण मे महिन्यातच राज्याने तुटवड्यामुळे आमच्या वयोगटाचे लसीकरण थांबवले. पुढे ते सुरू झाले, तेव्हाही आमच्या उपकेंद्रावर पहाटे रांगेत उभे राहून दोनदा परत यावे लागले. मला कोविशील्डची पहिली मात्रा २५ ऑगस्टला मिळाली. ८४ दिवसांच्या अंतराने दुसरी १७ नोव्हेंबरला येते. म्हणजे वर्ग सुरू होऊन चार आठवडे होतील तरी मी फाटकाबाहेरच, आणि यात माझा दोष काय, हे कोणी सांगावे. शेवंताबन सरांचे पंधरा दिवस झाले तर त्यांतही मी नसणार.

पाटावरची वही – १८ ऑक्टोबर

तुमच्याविषयी सहानुभूती आहे, तरीही अट सैल करू नये असेच मी म्हणेन. मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. आमची इमारत वर्षभर विलगीकरणासाठी घेतली होती; ती ताब्यात आली तेव्हा गाद्या कुरतडलेल्या आणि पाण्याच्या टाकीत बोटभर गाळ. आता एका खोलीत तीन मुली राहणार, दिवाळीला घरी म्हाताऱ्या आजीआजोबांकडे जाणार आणि परत येणार. अशा वेळी दोन मात्रांची अट हाच आम्हाला एकमेव आधार आहे. अन्याय अटीत नाही, लस उशिरा मिळण्यात आहे. महाविद्यालयांनी स्वतःच्या आवारात लसीकरणाची शिबिरे घ्यावीत, म्हणजे पहिली मात्राही न घेतलेल्यांची तरी सोय होईल.

शेवंताबन – १९ ऑक्टोबर

दुसरावर्ष यांचा हिशेब वाचून माझ्या प्रस्तावातली चूक लक्षात आली. मी सगळे एकाच दिवशी येतील असे धरून चाललो होतो. मुले तुकड्यातुकड्यांनी नोव्हेंबरअखेरपर्यंत येत राहणार असतील, तर सुरुवातीचे पंधरा दिवस राखून ठेवण्याला अर्थ नाही. जो ज्या दिवशी येईल, त्याच्यासाठी त्या दिवसापासून वेगळा वेळ काढावा लागेल. तो कोणाच्या तासिकेतून काढायचा, यावर आमच्या विभागात भांडण होणार, हेही दिसते आहे. अट असावी की नसावी याबद्दल माझे मन अजून ठरत नाही.

नदीपलीकडे – १९ ऑक्टोबर

हे मात्र मला मान्य आहे. सरसकट पंधरा दिवस सगळ्यांनी थांबण्यापेक्षा हे बरे.

दुसरावर्ष – २२ नोव्हेंबर

धागा वर काढतो आहे. १७ तारखेला दुसरी मात्रा घेतली, प्रमाणपत्र मोबाइलवर आले, फाटकावर ते दाखवून आत गेलो. पण एसटीचा संप सुरू आहे, आगारातून एकही गाडी सुटत नाही, आणि खिशातला सवलतीचा पास काही उपयोगाचा नाही. वडापने, म्हणजे खासगी जीपने, जाऊन-येऊन जे पैसे जातात, त्यांत आठवड्यातून दोनच दिवस परवडतात. वडापमध्ये आम्ही चौदा जण होतो, मुखपट्टी दोघांनाच.

शनिवारी पहिल्यांदा ब्युरेट हातात धरली. फिक्या गुलाबी रंगावर थांबायचे असते हे पाठ होते, पण तोटी किती हलक्या हाताने फिरवायची ते पडद्यावर कळले नव्हते. पहिल्या खेपेला द्रावण एकदम गडद गुलाबी झाले. मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर. तेवढा वेळ नव्हता, कारण आमच्या बाजूची शेवटची वडाप चार वाजता सुटते.