लॅपटॉप ते स्टुडिओ मॉनिटर, डिजिटल जोडणी स्वस्तात कशी करावी? (मदत हवी आहे, जरा लवकर)

वादी_संवादी
मंडळी, मॉनिटर (स्क्रीन नव्हे, स्टुडिओचे स्पीकर) घेतले. आता ते कॉम्प्युटरला डिजिटल जोडायचे आहेत. अ‍ॅनालॉग नको, त्यात फार किरकिर येते. बजेट चार-पाच हजार, वर एक रुपया नाही, मॉनिटरनेच खिसा रिकामा केलाय. ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारी) घेऊ की तांब्याची कोअ‍ॅक्शियल? नेमकी कुठली वायर मागायची तेवढं सांगा, शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाणार आहे. ‘आधी गूगल करा’वाल्यांना आधीच नमस्कार.

सोल्डरवाला
कुठले मॉनिटर? मागे कुठली सॉकेट आहेत? डेस्कटॉप की लॅपटॉप? किरकिर म्हणजे सलग घूं की मध्येच कर्रर्र? काहीच सांगितलं नाहीत राव.

कोरा_चहा
ऑप्टिकलच घ्या, डोळे मिटून. माझा टीव्हीचा साउंडबार त्याच्यावरच आहे, कधी कटकट नाही.

वादी_संवादी
जेबीएल ३०५पी मार्क टू, जोडी. मागे नेहमीची असतात तीच सॉकेट.

सोल्डरवाला
नेहमीची म्हणजे एक एक्सएलआर (माइकला असते ती तीन पिनांची) आणि एक पी-३८ (गिटारला असते ती जाड पिन). डिजिटल इनपुटच नाही, मग ऑप्टिकल वायर खोचणार कुठे? यामाहा एचएस५ घेतला असतात तरी तेच. जेनेलेक ८३३० ला एईएस (स्टुडिओतल्या पद्धतीचं) डिजिटल इनपुट आहे, पण तसल्या एका स्पीकरच्या पैशात तुमची जोडी येऊन वर पैसे उरतील. एडिफायर आर१२८०डीबी सारख्यांना ऑप्टिकल असतं, ते गाणी ऐकायचे स्पीकर.
स्पीकरपर्यंत पोचायच्या आधी कुठेतरी अ‍ॅनालॉग व्हावंच लागतं. आत्ता ते तुमच्या कॉम्प्युटरच्या पोटात होतंय, तिथेच प्रोसेसर, पंखा, सगळ्याचा गोंगाट. ते बाहेरच्या डब्यात न्या. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे कॉम्प्युटरपासून डब्यापर्यंत डिजिटलच जाईल आणि पुढे बॅलन्स्ड (सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन तारांवरून, म्हणजे वाटेतला गोंगाट वजा होतो).

खर्ज
फोकसराइट स्कारलेट इंटरफेस घ्या, विषय संपला.

वादी_संवादी
@खर्ज बजेट वाचलंत का?

खर्ज
सेकंडहँड बघा. लॉकडाउनमध्ये पॉडकास्ट करायला घेतलेले बरेच आता विकायला निघालेत. आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो) ९६ किलोहर्ट्झवर सेट करा, फरक कळतो.

सोल्डरवाला
गाणं ४४.१ चं असेल तर ९६ वर लावून नवीन काय ऐकू येणार? ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. चाळिशीनंतर १५ च्या वरचं ऐकू आलं तरी पेढे वाटा.

खर्ज
तुम्हाला कळत नसेल, मला कळतो.

बे_एरियाकर
जुन्या मॅकबुक प्रोच्या हेडफोन जॅकमधूनच ऑप्टिकल निघायचं, २०१६ च्या मॉडेलपासून ते काढून टाकलं. काय दिवस होते! लॅपटॉप असेल तर असं करा: एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर, त्यातून ऑप्टिकल, मग छोटा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा), डॅकच्या आरसीएतून (लाल-पांढऱ्या सॉकेटमधून) दोन मोनो पी-३८. बजेटमध्ये सहज बसतं. ऑप्टिकलमध्ये तांबं नसतं, त्यामुळे लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यातला विजेचा संबंधच तुटतो. धागाकर्त्याला डिजिटल हवंय ते उगाच नाही.

सोल्डरवाला
दोन डबे, प्रत्येकाचा अ‍ॅडॉप्टर वेगळा, आणि शेवटी आरसीए म्हणजे अनबॅलन्स्डच!

बे_एरियाकर
दीड मीटरच्या वायरीला अनबॅलन्स्डने काय बिघडतं? त्रास अर्थिंगच्या लूपचा आहे, लॅपटॉप आणि मॉनिटर अर्थिंगनेही जोडलेले आणि सिग्नलच्या वायरीनेही.

सोल्डरवाला
लूपचाच आहे हे कुणी सांगितलं? त्यांनी अजून आवाज कसला तेही सांगितलेलं नाही.

नाशिकची_मी
वादी_संवादी, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर वाजवून बघा. आणि माउस हलवल्यावर किरकिर बदलते का तेही.

वादी_संवादी
लॅपटॉपच आहे. चार्जर काढला की किरकिर बंद!! लावला की परत. म्हणजे चार्जर बदलू का?
अजून एक, मुळात आवाजच बरोबर नाही. वाद्यं खणखणीत, पण गाणारा विहिरीत बसून गातोय असं वाटतं. म्हणून तर डिजिटल म्हणत होतो.

कोरा_चहा
चार्जरच्या प्लगची वरची जाड पिन आहे ना, तिला टेप गुंडाळा नाहीतर टू-पिनचा अ‍ॅडॉप्टर लावा. डीजेवाले सर्रास करतात.

नाशिकची_मी
अहो, असले सल्ले देऊ नका! आज चार्जरची पिन, उद्या कुणीतरी मॉनिटरची काढेल. आत इन्सुलेशन गेलं तर करंट बाहेरच्या धातूवर येतो. अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते, नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. वायरिंगचीच कामं करते मी. आधी लॅपटॉप आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, त्यानेही बऱ्याचदा फरक पडतो.

सोल्डरवाला
ताई बरोबर बोलल्या. आणि आता ती विहीर. सध्या कुठली वायर लावली आहे, टोकापासून टोकापर्यंत सांगा.

वादी_संवादी
लॅपटॉपच्या जॅकला ईपीचा (३.५ एमएमची इअरफोनची पिन) स्प्लिटर, त्यातून दोन वायरी, एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला पी-३८. पिनेवर दोन काळ्या रेघा आहेत. दुकानदाराने ‘स्टिरिओ आहे, भारी आहे’ म्हणून दिली.

सोल्डरवाला
सापडलं. दोन रेघा म्हणजे स्टिरिओ पिन: टोकावर डावा, मधल्या कड्यावर उजवा, मागे ग्राउंड. पण मॉनिटरचं पी-३८ सॉकेट बॅलन्स्ड आहे. टोकावर सिग्नल आणि कड्यावर त्याचाच उलटा सिग्नल येणार असं ते धरून चालतं आणि एकातून दुसरा वजा करतं. तुमच्याकडे डाव्यातून उजवा वजा होतोय. गायक दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तोच उडतो, उरतो त्याचा रिव्हर्ब (घुमारा). दोन्ही मॉनिटर हेच वाजवतायत. खात्री करायची तर एखादं जुनं मोनो रेकॉर्डिंग लावा, जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही.

वादी_संवादी
लावलं. खरंच, शांतता! कमाल आहे.

कोरा_चहा
थांबा थांबा, म्हणजे या वायरीने फुकटात कराओके होतं? आमच्या सोसायटीच्या गणपतीला चालेल का?

सोल्डरवाला
तत्त्व तेच. पण बास आणि ढोलही बहुधा मधोमध असतात, तेही जातील. गणपतीत ढोल नको असेल तर घ्या.

नाशिकची_मी
वादी_संवादी, शनिवारी हे मागा: ईपी स्टिरिओ ते दोन पी-३८ मोनो, म्हणजे प्रत्येक पिनेवर एकच रेघ. सोबत ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. दोन्ही मिळून हजाराच्या आत बसावं. आयसोलेटर अगदी स्वस्तातला घेतलात तर बास थोडा पातळ होतो.

सोल्डरवाला
आणि मॉनिटरच्या मागचा इनपुट लेव्हलचा प्लस चार / मायनस दहाचा स्विच मायनस दहावर टाका, लॅपटॉपचा सिग्नल बारीक असतो. उरलेले पैसे इंटरफेससाठी साठवा. घेताना आउटपुट बघून घ्या. बेहरिंगर यूएमसी२०२एचडी आणि एम-ट्रॅक ड्युओला बॅलन्स्ड पी-३८ आहे, एम-ट्रॅक सोलोला मात्र मागे आरसीएच.

बे_एरियाकर
म्हणजे आयसोलेटरने लूपच तोडायचा. मी वेगळं काय म्हणत होतो?

सोल्डरवाला
तुम्ही दोन डब्यांनी तोडत होता.

वादी_संवादी
जाऊन आलो. मोनो पिनांची वायर लावली, गायक मधोमध आला. आयसोलेटरने चार्जर लावूनही किरकिर बंद. दुकानदार म्हणे ‘हीच तर दिली होती’. असो. आता ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) कान लावला तर बारीक सूं येते, ती कशाची? आणि बास जास्तच घुमतो.

सोल्डरवाला
सिग्नलच्या वायरी पूर्ण काढून ऐका. तरी येत असेल तर मॉनिटरच्या आतल्या अ‍ॅम्पची आहे. या किमतीत ती थोडी असतेच, बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

खर्ज
घुमतो कारण भिंतीला चिकटवले असतील. मागे बाउंड्री ईक्यूचा (भिंतीजवळ वाढणारा बास कमी करणारा) स्विच आहे, मायनस तीनवर टाका. ठेवलेत कुठे?

वादी_संवादी
कपाटावर. वरच्या कोपऱ्यात, एक इकडे एक तिकडे.

खर्ज
कपाटावर?? फोटो टाका.