मदत हवी आहे: शाळांतल्या हँडवॉश स्टेशनवरचे देणगीदारांचे फलक, मुलांचे फोटो आणि मेमधला दौरा (दापोली-गुहागर)

माडांच्या सावलीत

नमस्कार मंडळी. मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या निधीतून दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या १४ जिल्हा परिषद शाळांत हँडवॉश स्टेशन बांधणं आणि मुलींच्या स्वच्छतागृहांची दुरुस्ती चालू आहे. एका कंपनीचा सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक कामासाठीच्या निधीचा) हिस्साही त्यात आहे. प्रत्यक्ष काम आमची स्थानिक संस्था करते. फलक, फोटो, अहवालातला मजकूर आणि पाहुण्यांचा दौरा माझ्याकडे आहे. अडलेल्या गोष्टी लिहिते.

फलक: करारात एवढंच आहे की प्रत्येक ठिकाणी कायमस्वरूपी फलक हवा आणि दोन्ही बोधचिन्हं सारख्या आकारात हवीत. मागच्या टप्प्यात फ्लेक्स लावले होते. जुलैच्या मध्यापर्यंत ते कडेने फाटले, आणि लोखंडी चौकटीचा गंज भिंतीवर ओघळला तो अजून तसाच आहे. आता ४ बाय ३ फुटांचे फलक करायचे आहेत, ते कशात करावेत?

कंपनीचं म्हणणं: त्यांच्या साबणाच्या ब्रँडचं चिन्ह हँडवॉशच्या टाइल्सवरच छापावं.

गोष्टी: देणगीदारांना चार मुलांच्या गोष्टी हव्या आहेत, चेहरा, नाव, गाव आणि इयत्तेसकट.

दौरा: मेच्या तिसऱ्या आठवड्यात. शिवाय दोन गावांतून निरोप आलाय की फलकावर सरपंच आणि सदस्यांची नावं यायला हवीत.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया नेमकं सांगावं. आज मार्चचा पहिला आठवडा आहे, हातात दिवस कमी आहेत.

---

जांभा चिरा

फलकाचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

फ्लेक्स किनाऱ्यावर कायमस्वरूपी होऊ शकत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला शिडासारखा फुगवतो आणि रिंगांपाशी तो फाटतो. ३ मिमी जाडीचा एसीपी पत्रा (दोन पातळ धातूच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर) घ्या, त्यावर यूव्ही शाईची छपाई किंवा विनाइल, आणि वरून यूव्ही लॅमिनेशन. लॅमिनेशन गाळून पैसे वाचवू नका. उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. दोन बोधचिन्हांपैकी एक लाल असेल तर दोन वर्षांत एकच देणगीदार दिसतोय असं व्हायला नको.

चौकट लोखंडी नको. कितीही रंग मारला तरी वेल्डिंगच्या सांध्यातून गंज सुरू होतो आणि तोच पाण्याबरोबर ओघळतो. अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप वापरा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३१६ जातीचे घ्या, ३०४ जातीचे खाऱ्या हवेत डाग धरतात. स्टीलचा स्क्रू थेट अॅल्युमिनियमला टेकला की खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. एसीपीच्या चारही कडा सिलिकॉनने बंद करा. कडेतून पाणी शिरलं की पत्र्याचे थर सुटायला लागतात.

भिंत जांभ्याची असेल तर साधा प्लॅस्टिकचा फिशर (स्क्रूसाठी भिंतीत बसवायची नळी) धरत नाही, दगडालाच भोकं असतात. छिद्र मोठं पाडून धूळ फुंकून काढा, सिमेंटचं घट्ट ग्राउट भरून त्यात बोल्ट बसवा आणि दोन-तीन दिवस ओलं ठेवा. मग फलक चढवा. घाईने त्याच दिवशी चढवलेला फलक पहिल्या वादळात भिंतीपासून सुटतो. ४ बाय ३ चा पत्रा शाळेच्या पडवीत पडला तर काय होईल याचा विचार करून सहा ठिकाणी बोल्ट घ्या, चार पुरत नाहीत.

जागा उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, शक्यतो पागोळीच्या आत. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा असतो.

जिथे निधी देणारे बदलणार नाहीत तिथे काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्या. २ बाय दीड फूट, १८ मिमी जाडीची फरशी १३-१४ किलो भरते, भिंतीत खाच करून बसवावी लागते. एकदा कोरलं की दुरुस्ती नाही, म्हणून मजकूर तीन माणसांनी वाचल्याशिवाय कोरायला देऊ नका.

भिंतीवरच रंगवायचं असेल तर भिंत आतून कोरडी हवी. नवीन गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा. ओलसर गिलाव्यावर ऑइल पेंट मारला की फुगे धरतो. आधी एक्सटीरियर प्रायमर, मग अक्रिलिकचे दोन हात. कोकणात हे काम करायचा काळ नोव्हेंबर ते मे, त्यातही सुरुवातीचे महिने उत्तम.

---

अक्षरजुळणी

मजकुराबद्दल थोडं. ४८ बाय ३६ इंचांवर किती मावतं हे आधी मोजा, मग लिहा. पटांगणातून १५ फुटांवरून वाचायचं तर अक्षर दीड इंच उंच हवं. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे ओळीला ३ इंच धरा. खाली बोधचिन्हांची पांढरी पट्टी ८ इंच, वर शीर्षकाला ५ इंच, समास सोडले तर उरतात साधारण सहा ओळी, प्रत्येकीत तीसेक अक्षरं. एवढ्यात काय बांधलं, कोणत्या वर्षी, कोणासाठी आणि बिघडलं तर कोणाला सांगायचं हे बसतं. ध्येयवाक्य बसत नाही, ते आग्रहाने काढा. 'नळ बिघडल्यास मुख्याध्यापकांना कळवा' ही ओळ मात्र ठेवा, ती मुलांच्या कामाची आहे.

छापखान्याकडे मजकूर वर्ड फाइलमध्ये पाठवू नका. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड नीट उघडत नाही आणि 'निधी'चं 'नधिी' होतं. 'विद्यार्थ्यांसाठी'मधला रफार भलतीकडे जातो, 'दुसऱ्या'मधला ऱ्य तुटतो. इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरी नीट जुळवणारी सोय) चालू करून मजकूर लावा, अक्षरांचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचं चित्र होतं) आणि पीडीएफ द्या. शेवटचं प्रूफ मराठी वाचणाऱ्याने छापील कागदावर वाचावं.

बोधचिन्हं व्हॉट्सअॅपवरून किंवा वेबसाइटवरून उचलू नका. एसव्हीजी किंवा ईपीएस फाइल (मोठी केली तरी रेघ फाटत नाही) मागा, सोबत सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आकडे मागा. स्क्रीनवरचा गडद निळा छापताना जांभळट येतो, तेव्हा आधी फूटभर पट्टी छापून घ्या आणि उन्हात धरून बघा. 'समान आकार' म्हणजे काय हेही लेखी विचारा: एक चिन्ह आडवं आणि एक उभं असेल तर सारख्या उंचीत आडवं दुप्पट मोठं दिसतं. काहींचे नियम अगदी ठरलेले असतात. युरोपीय संघाच्या निधीत चिन्हाची उंची किमान १ सेंमी लागते, निधीचं वाक्य चिन्हाला लागून येतं आणि 'युरोपीय संघ' पूर्ण लिहावं लागतं. तुमच्या संस्थेची मार्गदर्शिका मागवा आणि मंजुरीला कामाचे दहा दिवस धरूनच छपाईची तारीख ठरवा.

अशोकस्तंभाची मुद्रा फलकावर घेऊ नका. २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधनं आहेत. 'जिल्हा परिषद, रत्नागिरी' असं अक्षरांत लिहा.

---

सुरंगी

ताई, मुलांच्या गोष्टींचा तिसरा मुद्दा सगळ्यात जपून करायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चेहरा, नाव, गाव आणि इयत्ता या चार गोष्टी एकत्र देऊच नका. नाव बदलून भागत नाही. तीस घरांच्या वाडीत 'सातवीतली, वडील बोटीवर, आजीकडे राहणारी' एवढं लिहिलं की मुलगी कोण ते पंचक्रोशीला कळतं. आणि विषय स्वच्छतागृहाचा, मासिक पाळीचा आहे. अशा गोष्टीत चेहरा अजिबात नको. तालुक्याच्या खालचं ठिकाण लिहू नका, घरातला ओळखू येणारा तपशील बदला किंवा गाळा.

कॅप्शन असं नको: 'खाडीकाठच्या अमुक वाडीतली तमुक, इयत्ता सातवी, पूर्वी पाळीच्या दिवसांत शाळा बुडवायची.' असं चालेल: 'दापोली तालुक्यातल्या एका शाळेत मुली नव्या हँडवॉश स्टेशनवर हात धुताना.' फोटो पाठमोरा किंवा फक्त हातांचा घ्या. साबणाचा फेस, नळाची धार, चार वेगवेगळ्या बांगड्यांचे हात एवढ्यात काम दिसतं. स्वच्छतागृहाचे फोटो रिकामे असताना काढा: आतली कडी, पाण्याची बादली, झाकणाचा डबा.

कायद्याचं: बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्षात आलेल्या, तसंच पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख उघड करता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो सगळं त्यात आलं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम २३ मध्येही ओळख उघड करायला मनाई आहे. पालकाची सही असली तरी अशा मुलाची गोष्ट ओळखीसकट छापू नका.

बाकी मुलांसाठी संमतीपत्र मराठीत करा, एका पानात. फोटो कुठे वापरणार हे वेगवेगळं लिहा: छापील अहवाल, वेबसाइट, समाजमाध्यमं, देणगीदार कंपनी. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. किती वर्षं वापरणार आणि नको वाटलं तर कोणाला फोन करायचा तेही. 'नाही म्हटलं तरी शाळेतली सोय तीच राहील' हे वाक्य ठळक छापा आणि तोंडानेही सांगा. आपल्याकडे फुकट मिळालेल्या गोष्टीपुढे माणूस नाही म्हणायला संकोचतो. सही आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची. वडील मुंबईला किंवा बोटीवर असतील तर आईची चालते, मुख्याध्यापकांची पालक म्हणून चालत नाही. अंगठा असेल तर वाचून दाखवलेल्या साक्षीदाराची सही घ्या. मग मुलाला वेगळं विचारा. तो गप्प राहिला तर ते नाही समजा.

फाइलचं नाव तारीख, तालुका, संमतीपत्राचा क्रमांक असं ठेवा, मुलाचं नाव त्यात नको. फोनमधलं लोकेशन फोटो काढण्याआधीच बंद करा. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फोटोचा दर्जा टिकतो, पण आतली जागेची माहितीही तशीच जाते. पुढे पाठवण्याआधी ती काढून टाका.

आता दौरा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी असते, जूनच्या मध्याला त्या उघडतात. पाहुण्यांसाठी सुट्टीतल्या मुलांना बोलावून उन्हात उभं करू नका. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते तेव्हा आणा, साडेसात ते साडेनऊ उजेडही फोटोला चांगला. शिमग्याचे पालखीचे दिवस टाळा, तेव्हा हजेरी कमी असते. एप्रिल जमत नसेल तर मेमध्ये बांधकाम बघा आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांशी बोला.

पाहुण्यांकडून आदल्या दिवशी बालसुरक्षेच्या नियमांवर सही घ्या. मुलांबरोबर सेल्फी नाही, जागेवरून पोस्ट नाही, कोणत्याही मुलाशी एकांतात बोलणं नाही, खाऊ-पैसे वाटणं नाही. आभाराचे फलक मुलांच्या हातात देऊ नका. मुलांनी पाहुण्यांना ओवाळायचं, हार घालायचे, हे नको हेही शाळेला आधीच सांगा. शिक्षक प्रेमाने तयारी करतात, ऐनवेळी थांबवलं की त्यांना वाईट वाटतं.

---

बंदरावरचा

कंपनी आणि सरपंच यांचं बघू.

सीएसआरच्या नियमांत स्वतःच्या उत्पादनाच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलं जात नाही. साबणाचा ब्रँड शाळेच्या टाइल्सवर छापला तर कंपनीचाच खर्च वादात येऊ शकतो. हे कंपनीच्या सीएसआर विभागाला लिहा, त्यांना हा नियम माहीत असतो. मागणी बहुतेक वेळा विक्री विभागाकडून आलेली असते. कंपनीचं नाव आणि तिचं कॉर्पोरेट बोधचिन्ह फलकाच्या पट्टीत येऊ द्या, उत्पादनाचं नको. टाइल्सवर हात धुण्याच्या पायऱ्यांची चित्रं असू द्यात.

व्यक्तींची नावं कोणाचीच नकोत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नावांचे फलक कागद चिकटवून झाकतात, त्याबरोबर देणगीदारही झाकला जातो. गावात 'हे नको' म्हणण्यापेक्षा 'सगळ्या १४ शाळांचा मजकूर एकच ठरलाय' असं सांगा आणि 'ग्रामपंचायतीच्या सहकार्याने' ही ओळ द्या. जागेसाठी मुख्याध्यापकांचं पत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीची प्रत, तिन्ही फाइलला लावा.

फलकांचा खर्च कोणत्या निधीतून आणि कोणत्या शीर्षाखाली जाणार ते ऑर्डर देण्याआधी लेखापालांना विचारा. परदेशी निधी एफसीआरएखालचा (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचा) असेल तर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तो पैसा सीएसआरच्या खात्यात मिसळता येत नाही. दोन निधी असतील तर दोन बिलं घ्या.

---

माडांच्या सावलीत

सगळ्यांचे मनापासून आभार. दौरा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावा अशी मेल आजच पाठवली, सोबत सुरंगीताईंनी सांगितलेले नियम. ब्रँडबद्दल कंपनीच्या सीएसआर विभागाला वेगळं पत्र लिहिलंय.

एक राहिलं. तीन शाळा किनाऱ्याला इतक्या लागून आहेत की उधाणात तुषार थेट भिंतीवर येतात, आणि उत्तरेच्या-पूर्वेच्या भिंतीवर खिडक्या आहेत. तिथे एसीपी टिकेल का?

---

जांभा चिरा

त्या तीन ठिकाणी ग्रॅनाइटच घ्या, व्हरांड्याच्या आतल्या भिंतीत, दाराशेजारी, मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. बोधचिन्हं कोरून त्यात रंग भरायचा, छापायची नाहीत. बारीक रेघांचं चिन्ह २ इंचांखाली नीट कोरलं जात नाही, म्हणून कारागिराकडून आधी एका तुकड्यावर नमुना कोरून घ्या आणि तोच फोटो मंजुरीला पाठवा. बाकी ११ शाळांच्या फलकांची ऑर्डर त्यासाठी अडवू नका, मेअखेर ते भिंतीवर असले पाहिजेत.